चौथ्या जागेचं दुखणं

जपानच्या पॅसिफिक लीगमध्ये बेसबॉलचे सहा संघ आहेत. मार्चअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक संघ १४३ सामने खेळतो. पहिले तीन 'क्लायमॅक्स सिरीज'ला जातात, उरलेल्या तिघांचा हंगाम तिथेच संपतो. सेंदाईचा संघ, तोहोकु राकुतेन गोल्डन ईगल्स, २०२२ साली चौथा आला. २०२३ साली चौथा आला. २०२४ साली चौथा आणि २०२५ सालीही चौथाच.

संघ अगदी तळाला गेला की चाहता जुलैतच मन काढून घेतो आणि पुढच्या वर्षीचं बोलू लागतो. चौथ्या जागेवरचा संघ ती मोकळीक देत नाही. तिसरा संघ समोर, हाताच्या अंतरावर दिसत असतो. सप्टेंबरात कागदावर गणितं मांडली जातात, कोण कुणाकडून हरला तर आपण वर सरकू हे तोंडपाठ होतं आणि शेवटच्या दिवसांत सगळं हातातून निसटतं. चार वर्षं ओळीने हे सोसलेल्या लोकांच्या शहरात मी राहतो. त्यांचं दुखणं नेमकं कुठे आहे, ते मला इथे सांगायचं आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडी तोंडओळख. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि डावात तीन गडी बाद झाले की डाव संपतो. म्हणजे एकूण २७ बाद होईपर्यंत जमतील तेवढ्या धावा. चार-पाच धावा झाल्या तरी दिवस बरा गेला म्हणायचं. कुणाला खेळवायचं, चेंडू टाकणारा 'पिचर' केव्हा बदलायचा, हे सगळं ठरवतो तो कडेला बसलेला 'कांतोकु', म्हणजे मॅनेजर. आपल्याकडचा कर्णधार आणि प्रशिक्षक एकाच माणसात घातले तर जे होईल, ते. त्याच्या वर खेळाडू आणणारा आणि सोडणारा जीएम, आणि सगळ्यांच्या वर मालक कंपनी.

इथले चाहते हिशेबाची भाषा बोलतात. हरलेल्या सामन्यांपेक्षा जिंकलेले जेवढे जास्त, तेवढी 'चोकिन', म्हणजे शिल्लक. हरलेले जास्त असतील तर 'शाक्किन', म्हणजे कर्ज. २०२२च्या मे महिन्यात सेंदाईच्या संघाने ओळीने ११ सामने जिंकले आणि शिल्लक १८ वर नेली. शहरभर किरमिजी रंगाचे शर्ट दिसत होते. त्याच संघाने हंगाम संपवला तो ६९ विजय, ७१ पराभव आणि तीन बरोबरीवर. अठराची पुंजी संपवून दोनचं कर्ज. एवढी शिल्लक गाठीला असताना ती अशी उडवलेली लोकांनी पाहिली नव्हती.

दुसऱ्या वर्षी तर गोष्ट शेवटच्या सामन्यावर येऊन ठेपली. १० ऑक्टोबर २०२३, संध्याकाळी सहा वाजता, सेंदाईतच, चिबा लोत्ते मरीन्सविरुद्ध. जिंकलो तर तिसरे, हरलो तर चौथे. सेंदाईत ऑक्टोबरच्या संध्याकाळी गारवा जाणवू लागतो. आउटफील्डच्या बाकांवर ढोल आणि ट्रम्पेट घेऊन बसलेली मंडळी असतात. प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं गाणं असतं आणि तो बॅट घेऊन उभा राहिला की ते सुरू होतं. समोरचा संघ खेळत असताना हे लोक गप्प बसतात, तो अर्धा वेळ पलीकडच्या पाहुण्या चाहत्यांचा असतो. त्या रात्री आपल्या पाळीला गाणी सुरू होत होती आणि धाव न होताच थांबत होती. निकाल ०-५. लोत्ते दुसऱ्या जागेवर गेले. सेंदाईच्या नावापुढे ७० विजय, ७१ पराभव. एक सामना.

आता एक सामना इकडे-तिकडे झाला, तर त्यात व्यवस्थापनाचा काय दोष, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मागे जावं लागतं, कारण हा संघ जन्मालाच उरलेल्या माणसांतून आला.

२००४च्या जूनमध्ये ओसाकाचा किंतेत्सु बफेलोज हा संघ तोट्यामुळे ओरिक्स या दुसऱ्या संघात विलीन करायचं ठरलं. संघ कमी करून देशातल्या दोन्ही लीग एकत्र कराव्यात, अशी चर्चाही मालकांत सुरू झाली. खेळाडूंनी विरोध केला. त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता याकुल्त संघाचा कॅचर आत्सुया फुरुता. १८ आणि १९ सप्टेंबर २००४ ला जपानी व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातला पहिला संप झाला. सामने बंद पडूनही लोक खेळाडूंच्या बाजूने उभे राहिले. मालकांना नमतं घ्यावं लागलं आणि नव्या संघाला दार उघडावं लागलं. सेंदाईच्या जागेसाठी इंटरनेटच्या धंद्यातल्या दोन कंपन्या पुढे आल्या, लाइव्हडोअर आणि राकुतेन. २ नोव्हेंबरला राकुतेनची निवड झाली. अगदी नवा संघ लीगमध्ये येण्याची गोष्ट पन्नास वर्षांनी घडत होती.

खेळाडू कुठून आणायचे? विलीन झालेल्या दोन संघांचे खेळाडू वाटून घ्यायचे आणि पहिली निवड ओरिक्सची. राकुतेनच्या वाट्याला उरलेले, वय झालेले, कुणाला नको असलेले आले. हिसाशी इवाकुमा हा किंतेत्सुचा पहिल्या दर्जाचा पिचर तेवढा ओरिक्सला नकार देऊन हट्टाने इकडे आला. २६ मार्च २००५ ला, संघाच्या पहिल्याच सामन्यात, त्याने चिबाला ३-१ ने हरवलं. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर राकुतेन ०-२६ ने हरले. २६ धावा म्हणजे चांगल्या संघाची आठवडाभराची कमाई, ती एका दुपारी समोरच्याने केली आणि आपल्याला साऱ्या सामन्यात एकच हिट. पहिल्या वर्षाचा हिशेब ३८ विजय, ९७ पराभव. पहिल्या मॅनेजरशी, यासुशी ताओ यांच्याशी, तीन वर्षांचा करार होता. त्यांना एका वर्षात काढलं. जीएमची खुर्ची तर महिन्याभरातच हलली होती.

उरलेल्या खेळाडूंचा संघ हरणारच होता, हे शाळकरी पोरालाही कळत होतं. तरी शिक्षा मॅनेजरला झाली. माझ्या मते सेंदाईची खोड तिथे लागली.

पुढची यादी बघा. कात्सुया नोमुरा चार वर्षं. मार्टी ब्राउन एक वर्ष. सेनइची होशिनो चार वर्षं. हिरोमोतो ओकुबो एक वर्ष. मासाताका नाशिदा अडीच वर्षं, २०१८च्या जूनमध्ये कर्ज वीसवर गेल्यावर त्यांनीच पद सोडलं. योसुके हिराइशी दीड वर्ष. हाजिमे मिकी एक वर्ष. काझुहिसा इशी तीन वर्षं. तोशिआकी इमाए एक वर्ष. मग पुन्हा मिकी. २१ हंगामांत दहा माणसं.

यात दोनच लांब कारकिर्दी आहेत आणि संघाचे दोन सर्वांत चांगले दिवस त्यांच्यातच आले. नोमुरांचे क्रमांक वर्षावर्षाने असे: सहावा, चौथा, पाचवा, दुसरा. होशिनोंचे पहिल्या तीन वर्षांचे: पाचवा, चौथा, पहिला. दोघांनाही दुसऱ्या वर्षाअखेर काढलं असतं, तर राकुतेनच्या कपाटात आज काहीच नसतं.

नोमुरांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सेंदाईच्या चाहत्याला कुरकुर कशी करावी ते त्यांनी शिकवलं. जपानीत कुरकुरीला 'बोयाकी' म्हणतात. सामना संपला की सत्तरीतले नोमुरा पत्रकारांसमोर बसत आणि आपल्याच खेळाडूंविषयी, नशिबाविषयी, वरिष्ठांविषयी बोयाकी सुरू करत. ती टीव्हीवर दाखवली जाई. त्या कुरकुरीत विचार असे. एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत, मूळची ती हिरादोचे तलवारबाज सरदार मात्सुरा सेइझान यांची: विजय कधी आपसूक पदरात पडेल, पराभवाला मात्र कारण असतंच. तेव्हा कारण शोधा. इतरांनी टाकून दिलेल्या खेळाडूंचा कस काढणं हे त्यांचं कौशल्य. ओरिक्सने मोकळा केलेला ताकेशी यामासाकी २००७ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ४३ होम रन मारून लीगमध्ये पहिला आला. इवाकुमाने २००८ साली २१ सामने जिंकले, हरले फक्त चार.

२००९ साली संघ दुसरा आला आणि नोमुरांचा करार संपला. त्यांना राहायचं होतं, क्लबला नको होतं. क्लायमॅक्स सिरीजमध्ये साप्पोरोला पहिल्याच सामन्यात चार धावांची आघाडी शेवटच्या डावात गेली, निप्पॉन हॅमच्या टेरमेल स्लेजने भरल्या बेसवर होम रन मारला. मालिका हरल्यावर एक गोष्ट घडली. जिंकलेल्या निप्पॉन हॅमचे आणि हरलेल्या राकुतेनचे खेळाडू एकत्र जमले आणि त्यांनी नोमुरांना हातांवर झेलून हवेत उडवलं. हा मान एरवी विजेत्या संघाच्या मॅनेजरचा. मैदानाला कळलेली त्यांची किंमत कराराच्या टेबलावर पोहोचली नाही. पुढच्या वर्षी संघ पुन्हा शेवटचा.

२०१९ची गोष्ट मला याहून बोचते. हिराइशी हे २००४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वाटपात, राकुतेननेच निवडलेले खेळाडू. इथेच खेळले, इथेच प्रशिक्षक झाले, आदल्या वर्षी तळाला गेलेला संघ त्यांनी तिसरा आणला. घरच्या झाडाला लागलेलं हे पहिलं फळ होतं. हंगाम संपल्यावर त्यांचा करार वाढवला गेला नाही, आणि ते फुकुओकाच्या सॉफ्टबँकला प्रशिक्षक म्हणून गेले. त्यानंतर मिकी आले, चौथे आले, एका वर्षात बाजूला झाले. मग जीएम इशी स्वतःच मॅनेजर झाले. त्यांना तीन वर्षं मिळाली आणि क्रमांक आले तिसरा, चौथा, चौथा. म्हणजे वेळ दिला की सगळं सुधारतंच, असं मी म्हणणार नाही. पण खेळाडू निवडणारा आणि खेळवणारा एकच असेल, तर निवड चुकली हे त्याला सांगायचं कुणी?

इमाए यांच्या वाट्याला आलेलं २०२४ हे वर्ष तर विलक्षण. २१ मेला सॉफ्टबँकने ०-२१ ने धुतलं, २२ मेला ०-१२ ने. दोन दिवसांत ३३ धावा दिल्या, एकही केली नाही. आणि पुढच्याच महिन्यात दोन्ही लीगमधल्या आंतरलीग सामन्यांचं विजेतेपद याच संघाने पटकावलं, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. नवा मॅनेजर, तरुण संघ, शिकत होता. शेवटी चौथे. करारात आणखी एक वर्ष बाकी असताना इमाए गेले.

हे असं का होतं? जपानी संघांच्या नावात शहराबरोबर कंपनी असते, त्यात याचं मूळ आहे. १९५४ साली कर खात्याने परवानगी दिली की संघाचा तोटा मालक कंपनीला जाहिरातीचा खर्च म्हणून दाखवता येईल. तेव्हापासून संघ हा कंपनीचा चालता-बोलता फलक झाला. फलक दरवर्षी नवा, चकचकीत हवा. राकुतेनने त्या बाजूने कसूर केली नाही, हेही खरं. मैदान मियागी प्रांताचं, १९५० सालचं. कंपनीने त्यावर पैसा ओतला, प्रेक्षागृह वाढवलं, २०१६ साली डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे पाळणा उभा केला. मुलं पाळण्यातून सामना बघतात, तो मोठा पाळणा रात्री उजळतो तेव्हा सुरेख दिसतो. पण मालक हिरोशी मिकितानी कोबेचे. त्यांच्या गावच्या, त्यांच्याच कंपनीच्या व्हिसेल कोबे या फुटबॉल संघात २०१७ साली लुकास पोडोल्स्की आला, २०१८ साली आंद्रेस इनिएस्टा आला, आणि २०२३ व २०२४ साली कोबेने सलग दोनदा लीग जिंकली. त्याच दोन वर्षांत आपण चौथे. सेंदाईचा चाहता हे दोन कागद शेजारी ठेवून बघतोच. २०१५ साली फलंदाजीचे प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावरच पदावरून गेले, तेव्हा मालक संघनिवडीत हात घालतात अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. ती शंका लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही.

आपल्याला कुणी मोजत नाही ही सेंदाईची भावना बेसबॉलच्याही आधीची आहे. तोहोकु म्हणजे जपानच्या मुख्य बेटाची उत्तर बाजू, सहा प्रांत. तिच्या वेशीवर शिराकावा हे जुनं नाकं. एकोणिसाव्या शतकातल्या यादवीत हा भाग हरला आणि शिराकावाच्या उत्तरेला अख्खा डोंगर शंभर दमड्यांना मिळतो, अशी हेटाळणी सुरू झाली. १८९७ साली सेंदाईत निघालेल्या वर्तमानपत्राने ती हेटाळणीच नाव म्हणून धारण केली: 'काहोकु शिंपो', शिराकावाच्या उत्तरेचं वर्तमानपत्र. बेसबॉलमध्येही तेच. लोत्तेचा संघ सत्तरच्या दशकात काही वर्षं सेंदाईत खेळला. १९७४ साली तो जपानचा विजेता झाला, पण अंतिम मालिकेचे घरचे सामने झाले तोक्योत आणि विजयाची मिरवणूकही निघाली तोक्योत. पुढे तो संघ कावासाकीला निघून गेला. त्या रागाची आठवण सांगणारे वयस्कर लोक आजही आउटफील्डला भेटतात.

म्हणून २०१३ची किंमत मोठी. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा संघ लांब आकाशीत सराव सामना खेळत होता. मैदानाला तडे गेले, सेंदाईतला पहिला सामना २९ एप्रिलला झाला. कॅचर मोतोहिरो शिमाने प्रेक्षकांसमोर उभं राहून, खेळाची ताकद काय असते ते आपण दाखवू, असं सांगितलं. दोन वर्षांनी मासाहिरो तानाकाने २४ सामने जिंकले, एकही हरला नाही. अंतिम मालिकेत योमिउरी जायंट्सशी गाठ पडली. २ नोव्हेंबरला सहाव्या सामन्यात तानाकाने १६० चेंडू टाकले आणि त्या हंगामातला पहिला पराभव पत्करला. दुसऱ्या दिवशी, सातव्या सामन्यात, पाऊस पडत होता. ३-० अशी आघाडी होती. नवव्या डावात पिचर बदलल्याची घोषणा झाली आणि आदल्या रात्री १६० चेंडू टाकलेला तोच माणूस पिचरच्या उंचवट्याकडे चालत आला. पावसात उभे असलेले हजारो लोक त्याचं गाणं एका सुरात म्हणत होते. त्याने १५ चेंडू टाकले. राकुतेन जपानचे विजेते झाले.

त्याच दिवसांत, ऑक्टोबर २०१३ मध्ये, आपल्याकडे पुणे वॉरियर्सचा करार बीसीसीआयने रद्द केला. तीन हंगाम तळाशी काढून गहुंजेचा तो संघ नाहीसा झाला. नंतर आलेला रायझिंग पुणे दोन हंगामांपुरताच होता, २०१७ साली एका धावेने अंतिम सामना हरला आणि गेला. पुण्याच्या चाहत्याला तक्रार करायलाही संघ उरला नाही. सेंदाईला उरला आहे. इथली मंडळी एवढी चिडतात, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना परत तिथेच जायचं असतं.

तानाका मात्र शेवटी तोक्योला गेला. त्याआधी २०१४ साली तो न्यूयॉर्क यांकीजकडे गेला आणि २०२१ साली, भूकंपाला दहा वर्षं होत असताना, सेंदाईला परत आला. अमेरिकेतले धरून त्याचे १९७ विजय झाले आणि तिथेच गाडी अडली. शस्त्रक्रियेनंतर २०२४ साली त्याला एकच सामना मिळाला. हंगामअखेर त्याने संघ सोडला. २०० वा विजय त्याने ३० सप्टेंबर २०२५ ला तोक्यो डोममध्ये मिळवला, अंगात योमिउरीचा शर्ट. वय झालेल्या पिचरवर पैसे घालायचे की तरुणावर, हा हिशेब व्यवस्थापनाला करावाच लागतो, त्याबद्दल मी भांडणार नाही. तरी त्या रात्री सेंदाईच्या खानावळींतल्या टीव्हीसमोर जी शांतता होती, तिला मी हिशेबात बसवू शकत नाही.

पुढचं काय? आशा आणि नशीब दोन्ही ड्राफ्टच्या पेटीत असतात. एकाच नवोदितावर अनेक संघांनी हक्क सांगितला, तर प्रत्येकाचा माणूस व्यासपीठावर जाऊन घडी घातलेला कागद उचलतो. २००६ साली तानाका असाच चार संघांतून मिळाला. २०१९ साली सुनामीत वडील गमावलेला, रिकुझेनताकाताचा रोकी सासाकी पेटीत होता. तोहोकुचा पोरगा, शाळेतच ताशी १६३ किलोमीटरने चेंडू टाकणारा. राकुतेनने हात घातला, कागद लोत्तेच्या हाती गेला. शोहेई ओतानीही त्याच इवाते प्रांताचा, तोही दुसरीकडे. या मातीत खेळाडू पिकतात, हे २०२२च्या ऑगस्टमध्ये सेंदाई इकुएई या शाळेने दाखवून दिलं. उन्हाळी कोशिएन स्पर्धेची शंभराहून अधिक वर्षं तोहोकुच्या एकाही शाळेला न मिळालेलं विजेतेपद त्यांनी जिंकलं. शिराकावाचं नाकं अखेर ओलांडलं, असं म्हणत लोक रडले. तिथल्या पोरांकडे शाळेची तीनच वर्षं असतात.

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये मेइजी विद्यापीठाच्या रुई मुनेयामावर पाच संघांनी हक्क सांगितला आणि कागद सेंदाईच्या हाती आला. तो शॉर्टस्टॉप आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा, जिथे खूप चेंडू येतात. पहिल्या हंगामात मी त्याला बऱ्याचदा पाहिलं. चेंडू बॅटला लागण्याच्या क्षणभर आधी त्याचा डावा पाय हलतो. मग तो दोन लहान पावलं टाकतो, हातमोजा जमिनीला टेकतो आणि चेंडू आत आलेला असतो. असा खेळाडू घडायला तीन-चार वर्षं लागतात. तेवढा काळ त्याच्याशी एकच माणूस बोलत असावा, त्याचा पाय का अडखळला हे त्याला गेल्या वर्षापासून माहीत असावं, एवढंच इथल्या चाहत्याचं मागणं आहे.

मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला मियागीच्या मैदानावर पहिला घरचा सामना असतो. कधी बर्फाचे कण उडत असतात. लोक मांडीवर रजई घेऊन बसतात, ट्रम्पेटवाल्याची बोटं गारठलेली असतात, पहिले दोन सूर चुकतात. तिसऱ्याला गाणं लागतं.